दुसऱ्यांच्या नावानं जेवणारा

नांदेडात जिवंतपणी सगळ्यात जास्त वेळा मेलेला माणूस माझा रूममेट आहे. हे मी कौतुक म्हणून सांगत नाही, तक्रार म्हणून सांगतोय. भाद्रपदात गणपती गोदावरीत जातात, चौकाचौकांत मांडवाचे बांबू उचलायचे राहिलेले असतात, पाऊस गेला म्हणावं तर संध्याकाळी येऊन वाळत घातलेले कपडे भिजवून जातो आणि दुपारचं ऊन मानेवर बसतं. असल्या दिवसांत शहाणी माणसं पंख्याखाली ऑफिसात बसतात. हा रोज दुपारी कुणाच्या तरी घरी मेलेला असतो. एका घरी रेल्वेतून निवृत्त झालेला कारकून, दुसऱ्या घरी किराणा दुकानदार, तिसऱ्या घरी कुणाचा तरी पैलवान आजोबा. संध्याकाळी जिवंत होऊन खोलीवर येतो, पट्टा सैल करतो, कॉटवर आडवा होतो आणि छताकडं बघत म्हणतो, "आजचा माणूस लई खाणारा होता बे." आणि याच माणसाच्या स्वतःच्या घरी, तिकडं निलंग्याजवळच्या गावात, त्याच्या बापाच्या नावानं पाट मांडायचा की नाही हे कुणाला ठरवता येत नव्हतं. कारण बाप मेलाय की जिता आहे, हेच कुणाला माहीत नव्हतं.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पितृपक्षाला आमच्याकडं पितरपाटा म्हणतात. घरात कुणी वारलेलं असलं की त्याच्या तिथीला एक माणूस जेवायला बोलवायचा, त्याला मेलेल्याच्या जागी पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, गंध लावायचं आणि खीर, वडे, कढी, भजी असं वाढत राहायचं. तो जेवला म्हणजे गेलेला माणूस जेवला. या बसणाऱ्या माणसालाच पितर म्हणतात. माझं या प्रथेविषयीचं मत जाहीर आहे आणि छापील आहे. दिवसा मी एका वकिलाच्या हाताखाली काळा कोट घालून तारखा मागायचं काम करतो आणि संध्याकाळी संघटनेची पत्रकं लिहितो. सिटी बसवर, खड्ड्यांवर, तासिका तत्त्वावर राबणाऱ्या मास्तरांवर, कशावरही. 'मेलेल्यांच्या पंगती बंद करा' हे पत्रक माझंच. त्याचा गठ्ठा वाटायला नेला माझ्या रूममेटनं. "मी वाटतो की, मला रोज नवी घरं असतात," म्हणाला. आणि वाटला. ज्या घरी पितर बसायचा त्याच घरी, जेवण झाल्यावर, सुपारी तोंडात टाकून, घरच्या बाईच्या हातात एक एक द्यायचा. "काकू, हे आमच्या रूममेटनं लिहिलंय. लई पोटतिडकीनं लिहितो. निवांत वाचा." चळवळीचं साहित्य खुद्द पितराच्या हातून वाटलं गेल्याचं दुसरं उदाहरण उभ्या महाराष्ट्रात सापडणार नाही.

सुरुवात आमच्या घरमालकीणबाईंपासून झाली. तरोड्याकडं त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. बाईंचे यजमान वारून वर्ष झालं होतं आणि पितर बसायला माणूस मिळेना. गावात असा माणूस लागला तर पारावर जाऊन हाक मारायची. शहरात हाक कुणाला मारणार? समोरच्या फ्लॅटमधल्या माणसाचं नाव त्याचं कुरिअर चुकून आपल्याकडं आलं तरच कळतं. बाईंनी ओळखीपाळखीत विचारून पाहिलं. कुणाची मीटिंग, कुणाचं डाएट, कुणाला असल्या जागी बसायची भीती. शेवटी जिन्यात हा सापडला. "बाबा, आमच्या साहेबांच्या नावानं बसतोस का?" दुसरा कुणी असता तर हो किंवा नाही म्हणाला असता. यानं विचारलं, "काकू, साहेब जेवायचे कसे?"

गडी विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकलेला. आता एका ऑफिसात बसून इमारतींचे खांब आणि तुळया काढतो. कुठल्या खांबावर किती भार येतो हे कळल्याशिवाय रेघ मारायची नाही, ही त्याची सवय. ती त्यानं पितराला लावली. साहेब मांडी घालून बसायचे की एक गुडघा वर? भात आधी की पोळी? पाणी मधे प्यायचे की शेवटी? बोलायचे का गप? बाई म्हणाल्या, "बोलायचे कुठले. नावं ठेवायचे." दुसऱ्या दिवशी हा पाटावर बसला, एक गुडघा वर घेतला, कढीचा पहिला भुरका मारला आणि थांबला. "कढीत मीठ न्हाई." बाईंची मुलं एकमेकांकडं बघायला लागली. कढीत मीठ व्यवस्थित होतं, मी नंतर खाऊन बघितलंय. बाई "जन्मभर ह्यांना माझं मीठ कमीच पडलं" असं म्हणत, हसत हसत मीठ आणायला आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा पदरानं तोंड पुसलेलं होतं आणि मीठ आणायचं राहिलं होतं.

त्यानंतर ही कीर्ती कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली आणि मग थांबायचं नाव नाही. पैलवान आजोबाच्या घरी हा इतका जेवला की रिक्षावाल्यानं त्याला दारापर्यंत हाताला धरून आणलं. एका घरचे मास्तर जेवण झालं की तिथंच दिवाणावर आडवे व्हायचे, असं यानं विचारून घेतलं होतं. म्हणून हाही आडवा झाला आणि त्याला खरोखर झोप लागली. पितराला उठवायचं कुणी? घरची माणसं दुपारभर चवड्यांवर चालत राहिली, टीव्हीचा आवाज बंद, लेकरांना शेजारी पाठवलेलं. इकडं याच्या ऑफिसातून फोनवर फोन. शेवटी मास्तरांच्या सुनेनं तो घेतला आणि दबक्या आवाजात सांगितलं, "मामा झोपलेत, उठल्यावर सांगते." दुसऱ्या दिवशी साहेबांनी याला समोर उभं केलं. "मेल्याशिवाय सुट्टी घ्यायची नाही म्हणालो होतो मी तुला," साहेब म्हणाले, "तर तू रोज मरायलास." आता या ऑफिसांविषयी मला एक स्पष्ट बोलायचंय. डिग्री घेतलेल्या पोरांना आठवड्याचे सहा दिवस जुंपायचं, घरी कुणी आजारी आहे म्हटलं तर "मॅनेज कर" म्हणायचं, आणि वर त्याला करिअर म्हणायचं, ही लबाडी आहे. शहरात आमच्यासारख्यांना मरायला तर सोडाच, मेलेल्याची आठवण काढायलाही अर्ध्या दिवसाची रजा टाकावी लागते. यावरही पत्रक काढायचंय. राहून गेलंय.

आणखी एक गोष्ट त्याच्या बाजूनं नोंदवतो, कारण मी कितीही चिडलो तरी अन्याय करत नाही. पितर आपल्यातलाच पाहिजे, असं एका घरच्या म्हाताऱ्यानं पाय धुवायच्या आधी काढलं. आडवळणानं सुरुवात केली. "साहेब, आडनाव काय म्हणलात?" हा पाटावर बसलेला, पाय परातीत. म्हणाला, "आज तुमचंच लावायलो." म्हातारा हातात तांब्या घेऊन तसाच राहिला. आतून त्याची सून म्हणाली, "मामा, पाणी घाला, पुऱ्या गार होतात." म्हाताऱ्यानं पाणी घातलं. जातीच्या प्रश्नावर मी पानंच्या पानं लिहिली आहेत, त्यातल्या एकाही पानानं कुणाच्या हातातला तांब्या असा वाकवलेला मला माहीत नाही. पण त्याला हे सांगायला गेलं तर तो म्हणतो, "तसं काय न्हाई बे. भूक लागली होती."

पैसे कधी घेत नाही. टॉवेल आणि टोपी तेवढी घेतो, कारण ती नाही घेतली तर घरच्यांना वाईट वाटतं. त्यामुळं आमच्या खोलीत पडदे म्हणून टॉवेल आहेत, पायपुसणी म्हणून टॉवेल आहेत आणि माझ्या कायद्याच्या पुस्तकांवर धूळ बसू नये म्हणून टोप्या आहेत. बाकीचे साडेअकरा महिने हा माणूस मेसचा डबासुद्धा पुरा खात नाही. चपाती उरवतो, ती खालच्या गाईला घालतो आणि विचारलं तर म्हणतो, "आपलं पोट लहान हाय. ते मोठं पोट त्या त्या माणसाचं असतंय."

मात्र सुट्टीच्या दिवशी गुरुद्वाऱ्याच्या लंगरात जेवायला जायचं त्याच्या फार जिवावर येत नाही. तिथं तो एक विचित्र गोष्ट करतो. लगेच बसत नाही. पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा चालत जातो, बसलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडाकडं बघत. मग येऊन माझ्याशेजारी बसतो. बरेच दिवस मला वाटायचं, हा पंख्याखालची जागा शोधतोय. एकदा मी ओरडलोही, "अरे बस ना, सगळीकडं सारखंच जेवण आहे." तो बसला. ताटात डाळ पडल्यावर म्हणाला, "अण्णा असला तर असल्याच जागी असंल. फुकट जेवण हाय, झोपायला जागा हाय."

अण्णा म्हणजे त्याचा बाप. हा आठवीत असताना अण्णा एका सकाळी हैदराबादच्या एसटीत बसला. कामाला जातो म्हणाला. कर्ज नव्हतं, दारू नव्हती, घरात तंटा नव्हता. रान होतं, ऊस होता, दारात म्हशी होत्या. गेला तो गेलाच. मी हे ऐकलं आणि माझ्या स्वभावाप्रमाणं आधी आरोपी शोधला. पत्रक लिहायला आरोपी लागतो. सरकार लागतं, कारखाना लागतो, निदान एखादा ठेकेदार तरी. इथं कुणाच्या नावानं लिहू? हरवल्याची तक्रार दिलेली होती. तिचं पुढं काय झालं हे विचारायला मी काळा कोट घालून गेलो आणि चहा पिऊन परत आलो. मग मी कायदा सांगितला. सात वर्षं ज्याची खबर नाही त्याला कोर्ट मेलेला धरू शकतं, दावा टाकू, हुकूम घेऊ, प्रश्न मिटला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "कोर्ट म्हणलं मेला, आन उद्या तो दारात आला," तो म्हणाला, "तर त्याला घरात घ्यायला कोर्ट येतंय का?"

गावी हा तिढा पितरपाट्यात दरवर्षी वर यायचा. त्याचा चुलता म्हणायचा, "माझा भाऊ मेला असंल तर इतकी वर्सं उपाशी हाय. म्या जिता हाय तवर एक डाव त्येच्या नावानं पान वाढू द्या." आणि त्याची माय म्हणायची, "जित्या माणसाच्या नावानं पान वाढायचं म्हंजी आपल्या हातानं मारायचं त्येला." बरं, दोघं भांडायचे नाहीत. एकमेकांशी नीट बोलायचे, एकाच घरात राहायचे, फक्त तो पंधरवडा आला की दोघंही माझ्या रूममेटला फोन करायचे, वेगवेगळे. या दोघांतला एक जरी वाईट असता तरी मला बरं वाटलं असतं. मी दुसऱ्याच्या बाजूनं उभा राहिलो असतो. पण चुलत्याला भावाची भूक दिसत होती आणि मायला नवऱ्याचा जीव, आणि हा मधे फोन कानाला लावून "हाव, हाव" म्हणत गॅलरीत फेऱ्या मारायचा.

मागच्या भाद्रपदात चुलत्याचं हृदयाचं दुखणं निघालं. लातूरच्या दवाखान्यात पडून राहिला, घरी आला आणि म्हणाला, "आता म्या थांबत न्हाई. म्या गेल्यावर कोण करणार?" मायनं पहिल्यांदा नाही म्हटलं नाही. "करा काय करायचं ते," म्हणाली, "सैपाक मी करीन." ज्याची तिथी माहीत नाही त्याचं सर्वपित्री अमावस्येला करतात, म्हणून तो दिवस ठरला. पण पितर बसायला गावात कुणी तयार होईना. माणूस मेला असला तर ठीक. जिता असला आणि त्याच्या नावानं बसलं तर बसणाऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं म्हणतात. पोराला स्वतःला बापाच्या पाटावर बसता येत नाही. नांदेडभर लोकांच्या बापांसाठी जेवून आलेल्या माणसाला स्वतःच्या बापासाठी माणूस मिळेना.

"तू बस," तो मला म्हणाला.

"माझं पत्रक तूच वाटलंयस ना?"

"म्हणून तर म्हणायलो. तू मानत न्हाईस. तुला काय बी होत न्हाई."

"कुणी फोटो काढला तर मला संघटनेत तोंड दाखवता येणार नाही."

"टोपी घालू तुला. वळखू येणार न्हाईस," तो म्हणाला. हे म्हणताना हसत होता, पण पंख्याचं बटण उगाच चालू-बंद करत होता. मी बरं म्हणालो. रजा मागायला तो साहेबांपुढं गेला तेव्हा साहेबांनी कॉम्प्युटरवरून नजर न काढता विचारलं, "आता कुणाचा बाप?" हा म्हणाला, "माझा, सर." साहेबांनी रजेच्या अर्जावर सही केली.

नांदेडहून लातूर, लातूरहून निलंग्याची एसटी. खिडकीबाहेर सोयाबीन पिवळं पडलेलं, कुठं काढणी चाललेली, बांधावर तरवडाची फुलं. मी म्हटलं, करायचंच आहे तर नीट करू. त्याचेच प्रश्न त्याला विचारले. अण्णा बसायचे कसे? आधी काय खायचे? बोलायचे का गप? तो खिडकीबाहेर बघत राहिला. औसा मागं पडल्यावर म्हणाला, "ध्यानात न्हाई बे. जेवताना मी माझ्या ताटात बघायचो. बापाकडं कोण बघतंय जेवताना?"

घर स्लॅबचं, पुढं पत्र्याची पडवी, कोपऱ्यात सोयाबीनची पोती. चुलत्यानं अंघोळ करून धुतलेली टोपी घातलेली, पाट मांडलेला, पाटाभोवती त्यानं स्वतःच्या हातानं रांगोळी काढलेली. बायामाणसाची सफाई त्या रांगोळीला नव्हती, रेघा वाकड्यातिकड्या होत्या. माय आतून पाणी घेऊन आली. कपाळावर ठसठशीत कुंकू. माझ्याकडं बघून म्हणाली, "लई वाळलास की बाबा. तिकडं जेवता का न्हाई नीट?" आणि वडे तळायला परत आत गेली. मी पाटावर बसलो. चुलता तांब्या घेऊन माझ्या पायांशी वाकला तेव्हा मी पाय मागं घेतले. वडिलांच्या वयाचा माणूस, नुकताच दवाखान्यातून आलेला. "राहू द्या," तो म्हणाला, "पाय आज तुमचे न्हाईत." मग मी पाय पुढं केले. माझी मतं त्या वेळी कुठं होती, हे मला कुणी विचारू नये.

पाय धुऊन झाले. चुलत्यानं गंधाची वाटी घेतली. आता नाव घ्यायचं आणि कपाळाला बोट लावायचं. त्यानं तोंड उघडलं आणि नाव काही येईना. एवढ्यात माय ताट घेऊन आली. पितर जेवून उठल्याशिवाय घरातल्या कुणी घास घ्यायचा नसतो, म्हणून ताट एकच येतं. मायनं ते माझ्यापुढं ठेवलं. आत गेली आणि दुसरं ताट आणून पोरापुढं ठेवलं. परत गेली आणि तिसरं आणून दिराच्या बाजूला ठेवलं.

चुलता वाटी हातात धरून उभा. "वैनी, आदी पितर."

"पितर कोण हाय हितं? पोराचा दोस्त हाय, लांबून आलाय," माय म्हणाली. "बसा समदे. गरम हाय तवर."

"तुमीच म्हणला होता करा म्हणून."

"म्हणले होते." ती दाराच्या चौकटीला टेकून बसली. "वडे तळूस्तर बी तेच म्हणत होते मनात. ताट वाढाय घेतलं आन हात पुढं जाईना भावजी. काय करू?"

चुलत्याचा आवाज अगदी बारीक झाला. "आन त्यो उपाशी असंल तर?"

"उपाशी असंल तर हितं येईल. मेला असला तरी हितंच येईल, जिता असला तरी हितंच येईल. घर म्हाईत हाय त्येला."

माझा रूममेट ताटाकडं बघत बसला होता आणि दोघांपैकी कुणाकडंही मान वर करत नव्हता. चुलत्यानं वाटी खाली ठेवली. ताटावर बसला. सगळ्यातलं थोडं थोडं घेऊन त्यानं एक घास केला, तो हातात घेऊन उठला, अंगणात गेला, भिंतीवर ठेवला आणि मागं वळून न बघता आत आला. कुणाचं नाव घेतलं नाही. मायनं ते पाहिलं. पदर सारखा केला आणि दिराच्या वाटीत खीर वाढली, काठोकाठ.

मग आम्ही जेवायला लागलो. मी रूममेटकडं बघत होतो. दर भाद्रपदात दुसऱ्याच्या सवयीनं जेवणारा माणूस. आज त्याला कुणाची सवय उचलायची नव्हती. तो खाली मान घालून आपला जेवत होता. वडा मोडला, अर्धा कढीत बुडवून खाल्ला आणि उरलेला अर्धा भाताखाली सारून ठेवला. त्याचं त्यालाही कळलं नसावं.

"भावजी," माय म्हणाली, "बघा तिकडं."

चुलत्यानं बघितलं आणि त्याचं जेवण थांबलं.

"ह्येचा बाप बी आसाच," माय मला सांगायला लागली. "आर्दा वडा भाताखाली. शेवटाला काढून खायचा. लगीन होऊन आले तवा इचारलं मी, कोण चोरणार हाय का तुमचा वडा? तर नुसता हसायचा."

"म्या चोरायचो," चुलता म्हणाला. "ल्हानपणी. त्यो पाणी प्यायला मान वर करायचा, तवर म्या उचलायचो. तवापासनं झाकून ठिवायला लागला." तो हसायला गेला, ते हसू अर्ध्यातच राहिलं.

माझ्या रूममेटचा हात ताटात तसाच होता. तो आपल्या हाताकडं बघत होता; ओळखीचं माणूस लांबून दिसावं आणि तेच आहे का हे नक्की होऊ नये, तसं. मग त्यानं भात बाजूला केला, खालचा अर्धा वडा काढला, कढी निथळू दिली आणि चुलत्याच्या ताटात ठेवला.

चुलत्यानं तो लगेच खाल्ला नाही. हातात धरून बसला. अंगणात कुणाची तरी पोरं ओरडत गेली, आत चुलीवर तेल अजून कढत होतं. माय म्हणाली, "खावा भावजी, गार व्हायलाय," तेव्हा कुठं त्यानं तोंडात घातला.